अमेरिकेतला इन्कम टॅक्स "ऐच्छिक" नाहीये, त्या मेसेजच्या नादी लागू नका

गेले काही दिवस एक मेसेज इकडे न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी लोकांमध्ये फिरतोय. थोडक्यात त्यात म्हटलंय की अमेरिकेच्या घटनेची सोळावी दुरुस्ती (राज्यांत लोकसंख्येप्रमाणे न वाटता इन्कम टॅक्स लावायची मुभा देणारी) कधी नीट मंजूरच झाली नाही, पगार हे उत्पन्न नसतंच, टॅक्स भरा असं सांगणारा कायदा कुठेच नाही आणि सरकार स्वतःच त्याला "व्हॉलंटरी" म्हणतं, म्हणून भरू नका. मी सोडून दिलं असतं, पण परवा ओळखीतला एक मुलगा, नुकताच एच-वन-बीवर नोकरीला लागलाय, मला विचारतो, "ताई, एचआरला नवीन डब्ल्यू-फोर देऊन टाकू का, 'एग्झेम्प्ट' लिहून?" (डब्ल्यू-फोर म्हणजे पगारातून किती टॅक्स कापायचा हे सांगणारा फॉर्म, आणि एग्झेम्प्ट म्हणजे काहीच कापू नका.) पोटात गोळाच आला माझ्या, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

आधी दुरुस्तीचं, कारण सगळा डोलारा त्याच्यावरच उभा आहे. टॅक्स लावायचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे इथल्या संसदेला, मूळ घटनेतच आहे, पहिल्या कलमाच्या आठव्या सेक्शनमध्ये. इथे महत्त्वाची अट ही होती, की टॅक्स "डायरेक्ट" असेल तर तो राज्याराज्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटून लावायचा. सिव्हिल वॉरच्या खर्चासाठी १८६१ मध्ये ८०० डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर ३ टक्क्यांचा कायदा झाला, नंतर त्यात बदल झाले, आणि १८८१ मध्ये स्प्रिंगर केसमध्ये सुप्रीम कोर्टाने त्या काळातला टॅक्स वैध ठरवला, तोही सोळाव्या दुरुस्तीच्या ३२ वर्षं आधी. पुढे १८९४ चा टॅक्स मात्र १८९५ मध्ये पोलॉक केसमध्ये ५ विरुद्ध ४ असा रद्द झाला, आणि मेसेजवाले तेवढंच धरून बसलेत. पण कोर्टाचा आक्षेप होता भाडं, व्याज, डिव्हिडंड अशा मालमत्तेच्या उत्पन्नावरच्या टॅक्सला. पगारावरचा टॅक्स "डायरेक्ट" आहे असं त्या निकालात म्हटलेलंच नाही! म्हणजे दुरुस्ती नसती तरी नोकरदार सुटला नसता, सुटले असते ते घरमालक आणि शेअरवाले, आणि नेमकं म्हणूनच पश्चिमेकडच्या आणि दक्षिणेकडच्या शेतकऱ्यांनी ही दुरुस्ती लावून धरली होती, कारण तोवर सरकारचा खर्च चालायचा तो आयात मालावरच्या जकातीतून आणि दारू-तंबाखूवरच्या करातून, म्हणजे बराचसा गरिबाच्या खिशातून.

आता "मंजूरच झाली नाही" म्हणतात ते. तेव्हा राज्यं होती ४८, हवी होती ३६. फेब्रुवारी १९१३ मध्ये तेवढी झाली, २५ तारखेला परराष्ट्रमंत्री फिलँडर नॉक्स यांनी तसं जाहीर केलं आणि शेवटी ४२ राज्यांनी मंजुरी दिली. काही राज्यांच्या ठरावांत स्वल्पविराम, स्पेलिंग, कॅपिटल अक्षरं इकडची तिकडे झाली होती हे खरं आहे, पण ते नॉक्स यांना तेव्हाच माहीत होतं, आणि १९८६ मध्ये हाच मुद्दा फेडरल अपील कोर्टात गेला तेव्हा कोर्टाने तो फेटाळला. आणखी एक दावा असतो, की ओहायो १९५३ पर्यंत राज्यच नव्हतं म्हणे, म्हणून त्याची मंजुरी धरायची नाही. ओहायो १८०३ पासून राज्य आहे, १९५३ मध्ये काँग्रेसने फक्त राहून गेलेला कागद पूर्ण केला, आणि ओहायो वगळलं तरी ४१ उरतातच.

कायदा नाही म्हणतात, तर टॅक्स कोडचा सेक्शन १ टॅक्स लावतो, ६०१२ रिटर्न भरायला सांगतो, ६१ उत्पन्न म्हणजे काय ते सांगतो आणि त्या यादीत पहिलंच आहे कामाचा मोबदला. ७२०३ मध्ये जाणूनबुजून रिटर्न न भरल्याची शिक्षा आहे, रिटर्न न भरलेल्या प्रत्येक वर्षासाठी एक वर्षापर्यंत तुरुंग.

"व्हॉलंटरी" हा शब्द १९६० च्या फ्लोरा निकालात आहे खरा. पण त्याचा अर्थ असा की सरकार आधी येऊन तुमचा हिशोब करत नाही, तो तुम्ही करायचा. भरायचा की नाही हे तुमच्या मर्जीवर, असा नाही.

हे वाद कोर्टात नेऊन पाहिलेत लोकांनी. वेस्ली स्नाइप्ससारख्या नटाला २००८ मध्ये रिटर्न न भरल्याबद्दल तीन वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडे तर ग्रीन कार्ड, सिटिझनशिप, सगळं पुढे आहे, आणि सिटिझनशिपच्या अर्जात टॅक्सबद्दल थेट प्रश्न असतात.

चीड खोटी आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. मलाही येते. पगारातून ६.२ टक्के सोशल सिक्युरिटीला जातात, पेन्शनसाठी साधारण दहा वर्षं लागतात, आणि मधेच परत जावं लागलं तर भारताशी तसा करार नसल्यामुळे ती वर्षं तिकडे जोडली जात नाहीत. आईबाबांनी पुण्यात आपल्या नावाने सुरू केलेली म्युच्युअल फंडाची एसआयपी इथे फॉर्म ८६२१ चं, म्हणजे परदेशी फंडांसाठीच्या किचकट टॅक्स फॉर्मचं, प्रकरण होऊन बसते. फुकट ऑनलाइन रिटर्न भरायची सरकारी सोय, डायरेक्ट फाइल, २०२४ मध्ये १२ राज्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी २५ वर गेली आणि मग बंदच केली! यावर भांडायला पाहिजे, पण ते काँग्रेसशी. नाहीतर मूर दांपत्यासारखं पैसे भरून मग रिफंडसाठी कोर्टात. बंगळुरूच्या किसानक्राफ्ट कंपनीत त्यांनी ४०,००० डॉलर घातले होते, हातात डिव्हिडंड न येताही जवळपास १५,००० डॉलर टॅक्स लागला. २०२४ मध्ये ७ विरुद्ध २ असे हरले, पण सोळाव्या दुरुस्तीतला खरा प्रश्न, म्हणजे उत्पन्न हातात यायला हवं का, त्यांनी सरळ मार्गाने सुप्रीम कोर्टापुढे नेला, आणि तुरुंगात कोणी गेलं नाही.

तर बाळा, त्या डब्ल्यू-फोरवर एग्झेम्प्ट लिहायचं तर गेल्या वर्षी तुझा फेडरल इन्कम टॅक्स शून्य हवा आणि यंदाही शून्यच असेल असं वाटायला हवं. तुझं तसं नाहीये, आणि खाली सही करतोस तिथे खोटं लिहिलं तर गुन्हा, असं छापलेलं असतं. फॉर्म दिला असशील तर उद्याच एचआरला बरोबर भरलेला दुसरा दे. एसआयपीची स्टेटमेंटं घेऊन शनिवारी घरी ये, ८६२१ आपण बसून बघू.