एक पाचुंदा उसना

येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या, आदल्या दिवशी लातूर-धाराशिवकडच्या शेतकऱ्याला दोनच माणसं हवी असतात: तुरीच्या शेंगा सोलणारं आणि कडबा देणारं. सोलणारी घरातच सापडतात, पळायला जागा नसते म्हणून. कडबा मात्र मागावा लागतो. आज तो मागितला आणि माझा जो सत्कार झाला, तो अजून पचलेला नाही.

मार्गशीर्षातल्या अमावास्येला रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची आणि मग दिवसभर ह्याच्या-त्याच्या रानात भज्जी (दाण्यांची, पालेभाज्यांची मिसळभाजी) खात हिंडायचं. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात, शहर ओस पडतं. कोपीला लागतात ज्वारीच्या पाच पेंढ्या, म्हणजे एक पाचुंदा. आणि आमच्या रानात खरिपाला सोयाबीन, रब्बीला हरभरा. सोयाबीनच्या भुसकटाची कोप होत नाही.

बांधाशेजारच्या आप्पांकडं मालदांडी ज्वारी असते. यंदाची अजून हिरवी उभी आहे, पण गेल्या सालच्या कडब्याची गंजी शाबूत. गेलो.

"आप्पा, एक पाचुंदा पायजे होता."

आप्पांनी आधी आभाळाकडं बघितलं, मग गंजीकडं, मग माझ्या चपलांकडं.

"सोयाबीनवाल्याला कडबा कशाला?"

"कोपीला."

"एवढ्या सालात एक तास, एक ओळ तरी ज्वारी पेरायचास. पांडवांसाठी."

"चुकलं आप्पा." (चुकलं नव्हतं. रानडुकरं एक तास ज्वारी एका रात्रीत संपवतात. पण मागणाऱ्यानं वाद घालू नये.)

"उसना का इकत?"

"तुम्ही म्हणाल तसं."

"देवाच्या कामाचा पैसा मी घेत नसतो. उसना ने."

"बरं. येळवस झाली की दुसऱ्या दिवशी आणून टाकतो."

"ह्याच पेंढ्या?"

"ह्याच."

"म्हंजी हळदीकुंकवाच्या, चुन्याच्या पेंढ्या माझ्या म्हशीनं खायच्या?"

"मग दुसऱ्या आणतो."

"कुठून? तुझ्याकडं कुठं ज्वारी हाय?"

मी म्हशीकडं बघितलं. तिचं रवंथ चालू होतं, मध्यस्थी करायची चिन्हं नव्हती. शेवटी आप्पांनी नातवाला हाक मारली. मला वाटलं, पेंढ्या काढायला. पोरगं मोबाईल घेऊन आलं.

"पेंढ्या हातात धर," आप्पा मला म्हणाले, "अशा न्हाई, समोर. तोंड दिसू दे." स्वतः शेजारी उभे राहिले, टोपी सारखी केली आणि पेंढ्यांच्या दुसऱ्या टोकाला हात लावला. मला वाटलं, हिशेबासाठी फोटो असेल. घरी पोचेपर्यंत तो भावकीच्या ग्रुपवर होता. खाली ओळ: 'आप्पांच्या हस्ते गरजूंना कडबा वाटप'. सतरा अंगठे, चार नमस्कार. त्यात एक अंगठा माझ्या सख्ख्या मेव्हण्याचा.

असो. गंजीतनं पेंढी ओढायच्या आधी काठीनं चार वेळा ठोकायची, कारण थंडीत विंचू आणि उंदीर तिथंच मुक्कामाला असतात, आणि उंदरामागं साप. जुना कडबा वाळून कडकडीत झालेला असतो. तसाच वाकवला तर धाट मोडतं आणि कोपीला डोकं राहत नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी पाणी शिंपडून पोत्याखाली ठेवायचा. सकाळी बुडखे खाली, शेंडे वर, शेंडे एकत्र करून सुतळीनं दोन वेढे. बुडखे नुसते टेकवायचे नाहीत, खुरप्यानं वीतभर खोल चर काढून रोवायचे. भुसभुशीत काळ्या रानात नुसती टेकवलेली कोप वाऱ्याच्या एका झोतात पांडवांच्या अंगावर येते. तोंड पूर्वेला. वरून शाल किंवा साडी. हे सगळं गडी माणसाचं काम, अर्ध्या तासाचं. त्याचं कौतुक मात्र दिवसभर चालतं.

खरी येळवस तुरीच्या शेंगांत असते, आणि ती बायका काढतात. किलोभर शेंगा सोलल्या तर दाणे निम्मेसुद्धा निघत नाहीत, बोटं मात्र काळी-चिकट होतात. हरभऱ्याच्या घाट्यात एक, फार तर दोन दाणे, वर पाल्याची आंब नखाच्या कडेला झोंबते. शंभर माणसांची भज्जी म्हणजे किती घाटे, याचा हिशेब करू नये, सोलणारं उठून जातं. शिजवायलाही क्रम आहे. आधी शेंगदाणे, तूर, वाटाणा, हरभरा. मग घेवडा, गाजर. पालेभाज्या नंतर. चुका आणि चिंचेचा कोळ सगळ्यांत शेवटी, कारण आंबट आधी पडलं की दाणे कितीही जाळ घाला, टणकच राहतात. मग ताकात कालवलेलं बेसन, आणि तिथून पुढं हात थांबवायचा नाही, नाहीतर बुडाला लागतं आणि करपट वास अख्ख्या पातेल्याला येतो.

आंबिलीची तऱ्हा वेगळी. ज्वारीचं पीठ ताकात भिजवून रात्रभर आंबवायचं. पण रात्री थंडी, आंबणार कशी? मडकं चुलीजवळ, अंगावर घोंगडं. घरातल्या म्हाताऱ्यांची एवढी बडदास्त होत नाही. सकाळी उकळत्या पाण्यात वैरून गुठळ्या मोडत शिजवायची, पूर्ण गार झाल्यावरच वरचं ताक, आलं, लसूण, मिरची, कोथिंबीर. गरम असताना ताक ओतलं की फाटलं. उंड्यांसाठी, म्हणजे पिठाच्या उकडलेल्या गोळ्यांसाठी, बाजरी आदल्या दिवशीच दळायची, जास्त आधी दळली तर पीठ कडू होतं. म्हणून सगळा गाव एकाच संध्याकाळी गिरणीवर, आणि वीज जाणारच असते त्याच वेळी.

हे सगळं करून दुपारी पुण्याहून गॉगल लावलेली मंडळी येतात, पत्रावळीवर तिसऱ्यांदा भज्जी घेतात आणि म्हणतात, "तुमची मजा आहे बुवा!" मजा अशी: सोयाबीनचा २०२५-२६ चा सरकारी हमीभाव ५३२८ रुपये क्विंटल, तो कागदावर. व्यापाऱ्याच्या काट्यावर ओलाव्याचं यंत्र आत खुपसलं की आकडा खाली यायला लागतो. त्यात सप्टेंबर २०२५ च्या पावसात शेंगा रानातच कुजल्या. ज्वारी पेरावी तर कापायला, काढायला माणूस मिळत नाही आणि रात्रभर राखण. म्हणून कडबा नाही, कडबा नाही म्हणून जनावर नाही, जनावर नाही म्हणून आंबिलीचं ताकसुद्धा पिशवीतलं आणलंय. यावर ग्रुपवर कुणी अंगठा दाखवत नाही.

आता एकच अडचण उरली. उद्या दिवस मावळताना एक पेंढी पेटवून पिकाभोवती फिरवायची असते, आणि ती ह्या पाचांतलीच जाणार. ती परतीत कशी धरायची, म्हणून नातवाला निरोप धाडला. उत्तर लगेच आलं: आप्पा म्हणतात, पेटवायच्या आधी हाक मारा, ते शेजारी उभे राहतील.