‘कार्टूनच तर आहे’ म्हणणाऱ्या पालकांना

शिनचॅन या जपानी कार्टूनचा विषय निघाला की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो: कार्टून आहे म्हणजे मुलांसाठीच आहे, मुलांच्या चॅनेलवर लागतं म्हणजे कुणीतरी तपासलेलं असणारच, आणि त्यातला वात्रटपणा लहानांना कळत नाही, तेव्हा निवांत लावून द्या. यातलं एकही विधान मला पटत नाही.

योशितो उसुई यांचा शिनचॅन १९९० साली जपानमध्ये ‘वीकली मांगा अ‍ॅक्शन’मध्ये आला. ते मोठ्या माणसांसाठीचं चित्रकथांचं साप्ताहिक. पोरगा पाच वर्षांचा असला, तरी विनोद आईबापांच्या संसारावर होता: घराचे हप्ते, बायकोची चिडचिड, नवऱ्याची भिरभिरती नजर. टीव्ही मालिका १९९२ मध्ये सुरू झाली, पण नायकाच्या वयावरून प्रेक्षकाचं वय ठरत नाही.

तपासणीचं म्हणाल, तर आपल्याकडे २००६ मध्ये ही मालिका हंगामा या मुलांच्या चॅनेलवर आली, २००८ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या आक्षेपांनंतर बंद झाली आणि पुढच्या वर्षी कात्री लागून परतली. म्हणजे आक्षेप आला तो मुलांनी बघून झाल्यावर. आज मोबाइलवर फिरणाऱ्या तुकड्यांना ती कात्री लागलेली असेलच असं नाही. ओटीटीवर २०२१ च्या नियमांमुळे यूए ७+, १३+ असे वयाचे शिक्के दिसतात. टीव्हीवर तेही नाहीत.

‘मुलांना कळत नाही’ हे मात्र सगळ्यांत धोकादायक. चार वर्षांच्या मुलाला अर्थ कळावा लागतच नाही. कृती दिसली आणि लोक हसले, एवढं त्याला पुरतं. शिनचॅनचं चड्डी खाली करून नाचणं सगळ्यांच्या डोळ्यांत येतं, त्यावरच भांडणं होतात. माझा आक्षेप त्याहून दुसऱ्या दोन गोष्टींना आहे. शिनचॅन अनोळखी तरुणींच्या मागे लागतो, त्या वैतागतात, आणि तो वैताग हाच विनोद असतो. दुसरं, त्याची आई मिसाए त्याच्या डोक्यात गुद्दा घालते, टेंगूळ येतं, पुढच्या दृश्यात ते नाहीसं. त्याची मैत्रीण नेने, तिची आई राग आला की खेळण्यातल्या सशाला बुकलते. मोठ्यांना यात थकलेल्या आया दिसतात. लहानाला दिसतं ते इतकंच, की मारलं तर गंमत होते आणि दुखत नाही. हे कुणाच्याच आक्षेपांच्या यादीत नसतं, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आता ‘मग बंदच करा’ म्हणणाऱ्यांनाही सांगते: तेही तितकंच आळशी उत्तर आहे. याच मालिकेत धाकटी बहीण हिमावारी घरात आल्यावर थोरल्याची होणारी घालमेल आहे, शिरो कुत्र्याचा लळा आहे. असा भाग आठ वर्षांच्या मुलीबरोबर बसून जरूर बघावा. त्याच आठवड्यातला दुसरा भाग तिच्या धाकट्या भावापासून दूर ठेवावा लागेल.

म्हणून निर्णय मालिकेचा नको, भागाचा करा. आधी तो भाग स्वतः पूर्ण बघा. हसू कुणावर येतंय, ज्याला त्रास झाला त्याचं पुढे काय झालं, आणि आपलं पोर यातली कुठली गोष्ट उद्या शाळेत करून दाखवेल, एवढं बघितलं तरी बरंच कळतं. काही प्रसंग थांबवून ‘तिला कसं वाटलं असेल?’ असं विचारता येतं, पण त्यासाठी आपण त्या खोलीत असायला हवं.