कॉल वाजवू नका, बसून राहा

मे महिन्यातला शनिवार, सकाळचे आठ. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या बिग मोरोंगो कॅन्यनच्या लाकडी पायवाटेवर आम्ही सात-आठ जण पक्षी बघायला उभे होतो. त्यातल्या एकाने पक्ष्याला बाहेर बोलवायला फोनवर बेल्स व्हिरिओ या छोट्या पक्ष्याचा कॉल, म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाज, लावला. मिनिटभरात विलोच्या जाळीतून पक्षी बाहेर आला. चोचीत हिरवी अळी.

ती अळी पिल्लांसाठी होती. पण हद्दीत परका नर घुसलाय म्हटल्यावर बाप घरट्याकडे कसा वळणार? अळी तशीच चोचीत धरून तो या फांदीवरून त्या फांदीवर चरफडत राहिला. फोन परत परत वाजत होता. मी घड्याळ बघत होते. अकरा मिनिटं! मनासारखा फोटो मिळाल्यावर कॉल बंद झाला. मी बोलले, तर उत्तर आलं, "एकदाच तर वाजवला!"

तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे.

मोरोंगो म्हणजे काय, हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही. एकीकडे मोहावीचं वाळवंट, दुसरीकडे कोलोरॅडोचं. वरच्या उतारांवर चॅपरालची ताठ, काटक झुडपं. त्यांच्या बुडाशी कॅलिफोर्निया थ्रॅशर कोयत्यासारख्या वाकड्या चोचीने पालापाचोळा उकरत असतो. आणि या सगळ्या रखरखाटात मधोमध पाणी! जमिनीखालून वाहणारा झरा इथल्या भूभ्रंशाला अडून वर येतो, म्हणून कॉटनवूड आणि विलोची हिरवी पट्टी तगून आहे. 250 हून जास्त जातींचे पक्षी इथे नोंदले गेलेत. पट्टी मात्र अरुंद. काही ठिकाणी या काठावरून हाक मारली तर त्या काठावर ऐकू जाईल एवढीच.

म्हणूनच "एकदाच" हा शब्द मला पटत नाही. तुम्ही एकदा वाजवता, तुमच्यामागून येणारा एकदा वाजवतो, आणि ऐकणारी जोडी मात्र तीच. घनदाट रानात पक्षी आत सरकू शकतो. इथे चार झाडांपलीकडे उघडं वाळवंट आहे. उन्हं चढल्यावर आई-बाप घरट्यावरून उठले तर अंडी-पिल्लं उन्हात पडतात.

फायनोपेप्ला निदान जागा बदलतो. (माझा सगळ्यात लाडका! नर काळा कुळकुळीत, बुलबुलासारखी शेंडी, डोळे लालभडक. आपल्याकडे बांडगूळ ही शिवी आहे, पण हा मुख्यतः बांडगुळाच्या फळांवर जगतो आणि त्याच्या बिया पसरवतो, आपल्या फुलटोच्यासारखाच.) वाळवंटात लवकर वीण उरकून उन्हाळ्यात तो चॅपरालकडच्या ओकच्या रानात जातो आणि तिथे पुन्हा घरटं करू शकतो. व्हिरिओला असं दुसरं घर नाही. त्याला नदीकाठचा दाट विलोच लागतो, आणि शेती-शहरांसाठी दक्षिण कॅलिफोर्नियातले असे काठ आपण माणसांनीच साफ केले. त्यात काउबर्डची मादी कोकिळेसारखी याच्या घरट्यात अंडी घालते. 1986 मध्ये लीस्ट बेल्स व्हिरिओ, म्हणजे याची इथली उपजात, संकटग्रस्त ठरला, तेव्हा जेमतेम 300 जोड्या राहिल्या होत्या. विलो परत लावून, काउबर्ड पकडून, वर्षानुवर्षं खपून लोकांनी त्याला सावरलं. अशा पक्ष्याला फोटोपायी घरट्यावरून उठवायचं?

"गाइडही वाजवतात, शास्त्रज्ञही वाजवतात," हे मी खूपदा ऐकलंय. शास्त्रज्ञ परवाना काढून, ठरलेल्या पद्धतीने, मोजणीसाठी वाजवतात. गाइड वाजवत असेल तर त्यालाही थांबवा, पैसे तुम्ही दिलेत. अमेरिकन बर्डिंग असोसिएशनची आचारसंहिताही कॉलचा वापर मर्यादित ठेवा असंच सांगते. आणि हे फक्त इथलं नाही. पावसाच्या तोंडावर पुण्याच्या आसपास नवरंगाला स्पीकर लावून एकाच फांदीवर पुन्हा पुन्हा बोलावतात, ते मी सुट्टीत डोळ्यांनी पाहिलंय. लायफर (आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेला पक्षी) मिळतो, लाइक्सही मिळतात. त्या जोडीची ती वीण पार पडते की नाही, हे बघायला कुणी थांबत नाही.

व्हिरिओ दिसायला अगदी साधा, राखाडी, मूठभर. पण गातो असा, की आधी प्रश्न विचारावा आणि मग स्वतःच उत्तर द्यावं. तो दिवसभर गातो. ऐकण्यासाठी त्याला चिथवावं लागत नाही. त्या दिवशी मंडळी पुढे गेल्यावर मी तिथल्याच बाकावर बसून राहिले. अर्ध्या तासाने तो विलोत परतला, नवी अळी घेऊन. या वेळी सरळ आत गेला.

पुढच्या शनिवारी पुन्हा जातेय. इर्वाइनहून दोनेक तास लागतात, पहाटे पाचला निघू. गाडीत तीन जागा आहेत. डबा, पाणी, टोपी आपापली. फोनचा आवाज बंद.