अष्टग्रही, बाबा वेंगा आणि आमची आत्या

जगात कुठे रॉकेट पडलं की आठवड्याच्या आत आमच्या घरच्या ग्रुपवर बाबा वेंगा हजर. बल्गेरियातली ही भविष्य सांगणारी अंध बाई १९९६ साली वारली. तिने स्वतः पुस्तक लिहिलं नाही, जे आहे ते इतरांनी तिच्या नावावर सांगितलेलं. तरी दर वर्षी नवी यादी निघते. सोळाव्या शतकातला फ्रेंच भविष्यवाला नॉस्त्राडेमस, त्याचंही तेच. २००१ मध्ये न्यूयॉर्कचे मनोरे पडल्यावर त्याचा म्हणून जो श्लोक जगभर फिरला, तो कॅनडातल्या एका विद्यार्थ्याने आधीच लिहिलेला होता, आणि तोही भाकितं कशी मोघम असतात हे दाखवायला!

आपण तरी कुठे मागे होतो म्हणा. फेब्रुवारी १९६२ ची अष्टग्रही जुन्या लोकांना अजून आठवते. सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू, सगळे मकर राशीत, त्यात ५ तारखेला खग्रास सूर्यग्रहण. (केतू हा मुळात ग्रहच नाही, पण सातांवर भागलं नसावं.) जगबुडी होणार म्हणून देशभर यज्ञ मांडले, तुपाचे डबेच्या डबे अग्नीत गेले, लोकांनी प्रवास टाळले. सहा तारीख उजाडली आणि दूधवाला नेहमीसारखा आला. त्याच महिन्यात लोकांनी सार्वत्रिक निवडणुकीत मतंही दिली.

खरं संकट आलं २० ऑक्टोबरला, चीनच्या हल्ल्याने. मग काय, ‘बघा, अष्टग्रहीचं फळ!’ आठ महिने उशिरा आलेलं फळ. पण त्याच लोकांनी तेव्हा केलं काय, ते बघा. बायकांनी अंगावरचे दागिने उतरवून संरक्षण निधीत दिले. यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. फेब्रुवारीत घाबरून बसलेला समाज हाच, पण समोर काम दिसल्यावर त्याला धीर आला.

अष्टग्रहीच्या सात महिने आधी, १२ जुलै १९६१ ला, पानशेत फुटलं आणि अर्धं पुणं पाण्याखाली गेलं. आदल्या रात्री लष्कराचे जवान धरणावर वाळूची पोती रचत होते. त्यामुळे धरण काही तास तगलं आणि लोकांना दिवसाउजेडी पळता आलं. भाकितांच्या गप्पांत ही पोती कधी येत नाहीत, याचा मला राग आहे.

मी नास्तिक नाही, कुणी तसं लेबल लावू नये. पण ‘अध्यात्म’ म्हणून भविष्य गळ्यात मारणाऱ्यांनी आधी तुकोबा वाचावेत. ‘सांगो जाणती शकुन, भूत भविष्य वर्तमान, त्यांचा आम्हांसी कंटाळा, पाहो नावडती डोळां.’ इतकं रोखठोक! आणि हे सुखात लोळणाऱ्या माणसाचे शब्द नव्हेत. १६३० च्या दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मूल गेलं, दुकानाचं दिवाळं वाजलं. पुढे त्यांनी काय केलं? वाडवडिलांच्या सावकारीची कर्जखतं काढली, भावाचा वाटा भावाला दिला आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. दुष्काळात नागवलेल्या कुळांचं कर्ज माफ! आतलं बळ कशाला म्हणायचं, तर मी याला म्हणेन.

आता आमची आत्या. तिचा मुलगा मस्कतला नोकरीला. मध्यंतरी आखातात तणाव वाढला तेव्हा दिवसातून तीन-तीन फॉरवर्ड. शेवटी मी फोन केला.

‘आत्या, दादाशी बोललीस का?’

‘नाही गं. तो कामात असेल, म्हटलं उगाच कशाला त्रास.’

म्हणजे बाबा वेंगाला विचारायची तयारी होती, पोटच्या पोराला विचारायची नव्हती! व्हिडिओ कॉल लावून दिला. दादाने दूतावासाचे नंबर लिहून फ्रिजला लावलेला कागद दाखवला, पासपोर्टच्या झेरॉक्स एका पिशवीत होत्या, आणि शेजारच्या केरळी कुटुंबाशी ‘निघायचं झालं तर एकत्र’ असं ठरलेलं होतं. आत्याने आधी पिशवी नीट बघितली, मग तो जेवला का विचारलं. फॉरवर्ड बंद झाले नाहीत, कमी झाले. हरिपाठाच्या वेळी मात्र फोन आतल्या खोलीत ठेवते हल्ली, हे मला आवडलं.

तुमच्या घरात १९६२ चा तो आठवडा आठवणारं कुणी असेल तर विचारून खाली लिहा. तुमच्या गावात यज्ञ कुठे झाला होता, आणि सहा तारखेला लोक काय म्हणाले?