परळीचं शून्य: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवाच वाचली, पण लगेच उत्तर लिहिलं नाही. तुमच्या रागामागं पुतण्याची काळजी आहे, तेव्हा नीट विचार करूनच लिहावं असं वाटलं.

बाकीच्या वाचकांसाठी काकांचं म्हणणं थोडक्यात सांगतो. लघुग्रहानं तारा झाकला त्या रात्री आम्ही परळी, अंबाजोगाई, रेणापूर आणि औसा अशा चार ठिकाणी दुर्बिणी लावल्या. तारा मिटला दोनच ठिकाणी. औशाला ढग आले. परळीजवळच्या माळावर मी आणि काकांचा पुतण्या होतो, तिथं तारा एकदाही मिटला नाही. तरीही ‘परळीची नोंद पाठवली’ असं मी लेखात लिहिलं. त्यावर काका म्हणतात, "काहीच झालं नाही त्याची कसली नोंद? पीक नाही आलं अन् खळं करून बसलात." शिवाय ही कामं नासा करेल, बारावीतल्या पोराला नादी कशाला लावता, असंही त्यांनी विचारलंय.

पोराबद्दल तुमचं बरोबर आहे, त्यावर शेवटी बोलतो. ‘काहीच नाही’ हे मात्र मला अजिबात मान्य नाही.

काका, 2023 चा ऑगस्ट आठवा. सोयाबीन फुलात होतं आणि पावसानं दडी मारली होती. पीकविम्याच्या आगाऊ रकमेसाठी सगळं गाव 21 दिवसांचा खंड मोजत होतं. तो खंड कशावर ठरत होता? मंडळातल्या पर्जन्यमापकावरच्या शून्यांवर. आज शून्य, उद्या शून्य, परवा शून्य. ती शून्यं लिहिली गेली तरच खंड सिद्ध होणार. यंत्र बंद असेल, रकाना कोरा असेल, तर ‘त्या दिवशी पाऊस नव्हता’ असं कुणी म्हणू शकत नाही. शून्य आणि कोरा रकाना यांतला फरक मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला मी सांगायची गरज नाही.

त्या रात्री औशाचा रकाना कोरा होता. ढगामागं तारा झाकला की नाही, कुणालाच माहीत नाही, म्हणून तिथून ‘निरीक्षण नाही’ एवढंच कळवलं. परळीचं मात्र शून्य होतं. भाकीत केलेल्या वेळेच्या दोन मिनिटं आधीपासून दोन मिनिटं नंतरपर्यंत कॅमेरा चालू होता, आकाश स्वच्छ होतं, आणि तारा तोच होता याची शेजारच्या ताऱ्यांवरून दोनदा खात्री केली होती. एवढं केलं तरच ‘इथं छाया पडली नाही’ असं छातीठोकपणे म्हणता येतं.

आता त्या शून्यानं काय केलं ते सांगतो. तारा इतका लांब असतो की त्याच्या उजेडात पडणारी लघुग्रहाची छाया जवळजवळ लघुग्रहाएवढीच असते. आमच्या लघुग्रहाची छाया साधारण 40 किलोमीटर रुंद असेल असा अंदाज होता, आणि ती जमिनीवरून सेकंदाला 12 किलोमीटर वेगानं सरकणार होती. रेणापूरला तारा 3.1 सेकंद मिटला, म्हणजे तिथून लघुग्रहाची 37 किलोमीटरची जीवा (त्याला आरपार छेदणारी रेघ) मिळाली. अंबाजोगाईला 1.9 सेकंद, म्हणजे 23 किलोमीटर. पण वर्तुळाच्या दोन जीवा कागदावर काढून बघा. पिंड गोल असेल अशी खात्री नसली, तर त्या दोन रेघांभोवती कितीतरी आकार बसतात, उत्तरेकडं लांब शेपूट काढलेलेसुद्धा. ते सगळे आकार परळीनं खोडले. अंबाजोगाईच्या उत्तरेला 13 किलोमीटरवर आम्ही होतो आणि आमच्यावर छाया नव्हती, म्हणजे लघुग्रहाची कड त्या 13 किलोमीटरच्या आतच कुठंतरी संपते. दक्षिणेची बाजू मात्र उघडीच राहिली, कारण तिकडं ढग होते. औशाला आमच्यासारखं ‘काहीच नाही’ मिळालं असतं तरी मला फार आनंद झाला असता.

वेळेबद्दलही तुम्ही एक टोमणा मारलाय, ‘अर्ध्या सेकंदानं काय बिघडतं’ म्हणून. अर्ध्या सेकंदात ती छाया 6 किलोमीटर जाते. सुरुवातीला एकदा मीही मोबाईलचं घड्याळ समोर ठेवून तोंडानं ‘गेला’, ‘आला’ म्हणत आवाज रेकॉर्ड केला होता. मोबाईल किती मागं-पुढं होता ते नंतर शोधता येईना, आणि ती सगळी रात्र बाद करावी लागली. आता जीपीएसच्या दर सेकंदाच्या ठोक्यावरून प्रत्येक चित्रावर वेळ उमटते. सेकंदाला 25 चित्रं, म्हणजे एका चित्रात छाया अर्धा किलोमीटरही सरकत नाही.

राहिला नासाचा मुद्दा. मोठी वेधशाळा जागची हलत नाही, आणि छाया पडायची तिथंच पडते. मोठ्या दुर्बिणीतूनही हे लघुग्रह बहुतेक ठिपक्यासारखेच दिसतात. म्हणून नासाच्या लोकांनासुद्धा दुर्बिणी गाडीत घालून माळावर जावं लागलं. त्यांचं न्यू होरायझन्स यान प्लूटोपलीकडच्या ज्या अ‍ॅरोकोथ नावाच्या छोट्या पिंडाकडं निघालं होतं, त्याची छाया पकडायला 3 जून 2017 ला अर्जेंटिना आणि दक्षिण आफ्रिकेत ते दुर्बिणी मांडून बसले, आणि हाती शून्य आलं. ते शून्य घेऊन त्यांनी पुढचा बेत सुधारला. 17 जुलैला अर्जेंटिनातच 24 दुर्बिणींची रांग लावली, त्यातल्या 5 ठिकाणी तारा मिटला. त्या 5 जीवा आणि आजूबाजूची शून्यं यांवरून हा पिंड लांबट, बहुधा दोन गोळे चिकटलेला असावा असं दिसलं, आणि 1 जानेवारी 2019 ला यान जवळून गेलं तेव्हा तो तसाच निघाला.

2013 साली दक्षिण अमेरिकेतून कॅरिक्लो नावाच्या लघुग्रहासारख्या पिंडाचं पिधान (त्यानं तारा झाकणं) पाहिलं, त्याची गोष्ट तर मला सगळ्यात आवडते. त्याला शनीसारखी कडी आहेत हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. मुख्य पिंडाची छाया जिथून गेलीच नाही अशा काही ठिकाणांहूनही तारा क्षणभर मंदावल्याची नोंद झाली, ती कड्यांमुळं. ‘आपल्याकडं छाया नाही’ म्हणून त्यांनी कॅमेरे बंद ठेवले असते तर?

तुमच्या पुतण्याला ही गोष्ट मी त्याच रात्री सांगितली. भाकिताची वेळ टळून गेली होती, शालीत गुरफटलेला तो पडद्यावरच्या त्या ठिपक्याकडं बघत होता. शेजारच्या दोन ताऱ्यांमध्ये तो अकराव्या प्रतीचा बारीक तारा थरथरत होता, पण विझत नव्हता. रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली तेव्हा त्यानं उजेड पडू नये म्हणून दोन्ही हातांनी पडदा झाकला. मी कॅमेरा बंद करायला हात पुढं केला तर म्हणाला, "अजून एक मिनिट राहिलंय ना, सर?" घड्याळात पाहिलं, खरंच राहिलं होतं. त्या नोंदीतलं शेवटचं मिनिट त्याचं आहे.

पण बारावीचं वर्ष आहे आणि मी घरी न विचारता त्याला रात्रभर थांबवलं, ही माझी चूक झाली. तो ‘घरी सांगितलंय’ म्हणाला तरी मी स्वतः तुम्हाला फोन करायला हवा होता. परीक्षा संपेपर्यंत त्याला बोलावणार नाही, आणि त्यानंतरही तुम्ही हो म्हणालात तरच.

उन्हाळ्यात आणखी एक छाया आपल्या भागातून जायची आहे. या वेळी भाकिताच्या पट्ट्याची दक्षिण कड केजच्या अंगानं जाते, आणि तिथं बसायला आमच्याकडं अजून कुणी नाही. तुमच्या शेतात दुर्बीण लावू दिलीत तर मीच येईन. तारा मिटेल असं वचन देता येत नाही.