तह झाला, पण कोरम होईना

अमेरिकेचं स्वातंत्र्य म्हटलं की आपल्याला १७७६ आठवतं, फार तर वॉशिंग्टन. पण युद्ध जिंकल्यावर तह मंजूर करायला माणसंच जमेनात, हे फारसं कोणी सांगत नाही.

इंग्लंडशी तहावर पॅरिसमध्ये सह्या झाल्या ३ सप्टेंबर १७८३ ला. मंजुरीचे कागद सहा महिन्यांत पोचायला हवेत, ही अट. आणि काँग्रेस, म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींची मध्यवर्ती सभा, भरलेली मेरीलँडमधल्या अ‍ॅनापोलिसला. १३ पैकी ९ राज्यांची संमती लागणार, डिसेंबरात हजर ७! वॉशिंग्टननी २३ डिसेंबरला सेनापतिपद सोडलं, तेही जेमतेम वीसेक सभासदांसमोर.

त्यात राज्याचे निदान दोघे हजर असले तरच मत धरायचं. साउथ कॅरोलायनाचे एकच गृहस्थ आलेले. दुसरे, रिचर्ड बेरेसफर्ड, फिलाडेल्फियात आजारी. काँग्रेसच त्यांच्या उशापाशी न्यावी, इथवर गोष्ट गेली.

आपल्या सोसायटीच्या नोटिशीत असतं ना, 'कोरम न झाल्यास सभा अर्ध्या तासाने त्याच जागी'? तशी सोय तिथे नव्हती. सातांवरच उरकून टाकू म्हणणारे होतेच, पण व्हर्जिनियाचे सभासद जेफरसन अडून बसले. (बरं केलं. स्वातंत्र्याच्याच तहात लबाडी!) अखेर बेरेसफर्ड आले, ९ राज्यं भरली आणि १४ जानेवारी १७८४ ला तह मंजूर झाला. कागद मुदतीनंतरच पोचले. इंग्लंडनं ताणून धरलं नाही, एवढंच.

या लोकांना कामचुकार म्हणणं मला पटत नाही. खर्च राज्यानं द्यायचा, तो वेळेवर येईल याची खात्री नाही, म्हणजे पदरमोड आलीच. आणि जाऊन करायचं काय? काँग्रेसला कर बसवता येत नव्हता. राज्यांकडे पैसे मागायचे नि वाट बघायची. सत्ता सगळी राज्यांच्या विधिमंडळांत. मग घरदार, वकिली सोडून या लष्कराच्या भाकऱ्या कोण भाजणार? जॉन हॅनकॉकना १७८५ मध्ये काँग्रेसचं अध्यक्ष निवडलं, ते फिरकलेच नाहीत. पुढच्या वर्षी राजीनामा पाठवून मोकळे!

नव्या राज्यघटनेनं पगार केंद्राच्या तिजोरीतून दिला, गैरहजरांना हजर करायचा अधिकारही दिला. तरी ४ मार्च १७८९ ला, नव्या काँग्रेसच्या पहिल्याच दिवशी, न्यूयॉर्कमध्ये दोन्ही सभागृहं अपुरीच. प्रतिनिधीगृहाचा कोरम झाला १ एप्रिलला, सिनेटचा ६ ला. हा उशीर मी माफ करतो, तेव्हाचे रस्ते तसेच होते. आता काँग्रेसला कर बसवता येत होता. ८ एप्रिलला प्रतिनिधीगृहात सभासद मॅडिसननी आयातीवरच्या जकातीचा विषय काढला. कोणत्या मालावर किती, यावर प्रत्येक राज्याचं काही ना काही अडकलेलं. आता घरी बसणं परवडणार कोणाला?