गोचिडाची लस टोचून गोळ्या बंद करा? कृपया करू नका

कुत्री पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मजकूर सध्या सारखा फिरतोय. थोडक्यात तो असा: "गोचिडावर लस आली आहे. वर्षातून एकदा टोचली की कुत्र्याला गोचीड लागत नाहीत, गोचीड तापही येत नाही. गाईगुरांना ही लस कधीपासून देतात. कुत्र्यांच्या बाबतीत मात्र ती दडवून ठेवली आहे, नाहीतर गोळ्या आणि पट्टे कोण विकत घेणार? विषारी गोळ्या आजच बंद करा."

हे वाचून मला धडकीच भरली. आमच्या कुत्रीला गोचीड ताप झाला तेव्हा आम्हाला आधी ताप कळलाच नव्हता. एका सकाळी तिच्या पांढऱ्या पंजावर रक्ताचे थेंब दिसले. कुठे कापलं असेल म्हणून पंजा धुतला, तर पंजाला काहीच नाही. रक्त नाकातून ठिबकत होतं. ओठ वर करून पाहिला तर हिरड्या पांढऱ्याफटक. प्लेटलेट पार खाली गेल्या होत्या. आम्ही गोळी फक्त एक महिना चुकवली होती. म्हणून या मजकुरातला एकेक दावा तपासून बघू.

"गाईगुरांना देतात." हे खरं आहे, आणि म्हणूनच लोकांचा विश्वास बसतो. गुरांच्या गोचिडाच्या आतड्यात बीएम८६ नावाचं एक प्रथिन असतं. त्यावर बेतलेल्या लसी १९९०च्या दशकात ऑस्ट्रेलियात 'टिकगार्ड' आणि क्युबात 'गॅव्हॅक' या नावांनी आल्या. लस टोचली की गाईच्या रक्तात या प्रथिनाविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात. गोचीड रक्त पितो, अँटीबॉडी त्याच्या पोटात जातात आणि आतड्याच्या पेशींना इजा करतात. काही माद्या मरतात, उरलेल्या नीट भरत नाहीत आणि अंडी कमी घालतात. क्युबात या लसीमुळे रासायनिक औषधांचा वापर बराच कमी झाला. काम मोलाचं आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण ते काम होतं कसं, हे नीट बघा. गोचीड चावतो, रक्त पितो आणि त्यानंतर लसीचा परिणाम सुरू होतो. म्हणजे "गोचीड लागत नाहीत" हे गाईच्या बाबतीतही खरं नाही. फायदा दिसतो तो पुढच्या पिढ्यांत, गोठ्यातल्या गोचिडांची एकूण संख्या हळूहळू घटते तेव्हा. शिवाय गुरांचा गोचीड लार्व्हापासून (अंड्यातून निघालेल्या पिल्लापासून) प्रौढ होईपर्यंत, साधारण तीन आठवडे, एकाच जनावरावर असतो. कुत्र्यावरच्या तपकिरी गोचिडाचं तसं नाही. तो प्रत्येक टप्प्यावर रक्त पिऊन खाली उतरतो, भिंतीच्या भेगेत, पलंगाखाली, अंथरुणाच्या शिवणीत कात टाकतो आणि पुन्हा कुत्रा शोधतो. एक मादी हजारो अंडी घालते, तीही कुत्र्यावर नाही तर अशाच एखाद्या फटीत.

"मग तीच लस कुत्र्याला द्या की!" प्रयोग झाले आहेत. बीएम८६ कुत्र्यांना टोचून पाहिलं, तेव्हा गोचीड कमी भरले, वजनाला हलके राहिले. इतर प्रथिनांवरही काम चालू आहे. अडचण अशी की गिनीपिगला वारंवार गोचीड चावले की त्याच्या शरीरात आपोआप प्रतिकार तयार होतो. कुत्र्यात या तपकिरी गोचिडाविरुद्ध तसा उपयोगी प्रतिकार उभा राहत नाही. गिनीपिगवर छान चाललेली लस कुत्र्यावर तशीच चालेल असं म्हणूनच धरून चालता येत नाही. कुत्र्यांवरचे गोचीड आटोक्यात ठेवणारी लस आज बाजारात नाही. दडवायला आधी ती तयार तरी व्हायला हवी.

"वर्षातून एकदा." गुरांची लससुद्धा वर्षातून एकदा देऊन भागत नाही. सुरुवातीला काही आठवड्यांच्या अंतराने डोस आणि मग ठरावीक काळाने बूस्टर द्यावे लागतात. कारण हे प्रथिन गोचिडाच्या पोटात असतं, चावताना ते गाईच्या शरीरात येत नाही. त्यामुळे चाव्यांनी प्रतिकारशक्तीला उजळणी मिळत नाही आणि अँटीबॉडी ओसरत जातात.

मग हे "वर्षातून एक" आलं कुठून? मला वाटतं, फ्लुरालेनर या गोचीड मारणाऱ्या औषधाच्या इंजेक्शनवरून. काही देशांत ते मंजूर झालं आहे, कातडीखाली दिलं की औषध हळूहळू विरघळतं आणि सुमारे वर्षभर पुरतं. पण ती लस नाही. जिला "विषारी गोळी" म्हटलंय तिच्याच कुळातलं ते औषध आहे. या कुळातल्या औषधांनी काही कुत्र्यांना थरथर किंवा झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१८ मध्ये दिला होता. त्यामुळे ज्या कुत्र्याला आधी झटके आले असतील त्याच्याबद्दल डॉक्टरांशी बोलूनच निर्णय घ्यायचा. गोळीचा असर काही आठवड्यांत ओसरतो, टोचलेलं वर्षभराचं औषध मात्र बाहेर काढता येत नाही.

एक आक्षेप रास्त आहे: गोळीनेही गोचीड चावल्यावरच मरतो, मग लसीत आणि तिच्यात फरक काय? फरक वेळेचा आहे. गोळीच्या औषधाने गोचीड काही तासांत ते दिवसभरात मरतो. लसीने अर्धवट भरलेला गोचीड तोवर रक्त पीतच राहतो. आणि एर्लिकिया, म्हणजे ज्या जंतूमुळे होणाऱ्या आजाराला आपण सर्रास गोचीड ताप म्हणतो, तो काही तासांतही कुत्र्याच्या रक्तात उतरू शकतो. म्हणून मी गोळीवरही विसंबून राहत नाही. फिरून आल्यावर कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली आणि शेपटीच्या मुळाशी हात फिरवते. भरलेली मादी एरंडाच्या बीसारखी राखाडी आणि टपोरी, सहज सापडते. लहान निम्फ, म्हणजे प्रौढ होण्याआधीचा गोचीड, तिळाएवढा, तो नजरेतून निसटतो.

"गोचीड तापही येत नाही." इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. गोचिडामार्फत पसरणाऱ्या लाइम रोगाची लस कुत्र्यांसाठी आहे, तसाच पसरणाऱ्या बबेसिया या रक्तातल्या परजीवीच्या काही प्रकारांवरही युरोपात लसी निघाल्या. त्या रोगावर आहेत, गोचिडावर नाहीत. आमच्या कुत्रीला झालेल्या एर्लिकियावर अशी लस बाजारात नाही. तिला चार आठवडे डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक द्यावं लागलं.

कोणी "गोचिडाची लस" म्हणून सुई घेऊन उभं राहिलं तर आधी बाटलीवरचं नाव वाचा. आयव्हरमेक्टिन असेल तर तीही लस नाही, ते परजीवी मारणारं औषध आहे. कोली आणि त्या वंशातल्या ज्या कुत्र्यांत एमडीआर१ जनुकाचा दोष असतो, त्यांच्या मेंदूपर्यंत हे औषध पोचतं. कुत्रा आधी लडखडतो, मग त्याला दिसेनासं होतं, मग तो बेशुद्ध पडतो, आणि त्यावर नेमका उतारा नाही.